माया

दोन कागद होते माझ्याजवळ.
एकावर तगडा प्रोसेसर, आठ कोअरचा,
आणि त्याखाली स्वस्तातला चिंचोळा मदरबोर्ड,
ज्याच्या सॉकेटात याच्यापुढचं
काहीच बसणार नव्हतं कधी.
दुसऱ्यावर बोर्ड चांगला, नव्या सॉकेटचा,
आणि त्यात बसवायला
त्या घराण्यातलं शेंडेफळ, सहा कोअरचं.
बेरीज दोन्हीकडे तीच, सदतीस हजार आठशे:
आईची भिशी अधिक माझ्या शिकवण्या
वजा निनादच्या दाढेचं बिल.

वाशीच्या दुकानात भानुशाली म्हणाला,
पहिलंच घ्या ताई, उद्याचं कुणी पाहिलंय.
निनादला पटलं. आठ हे सहापेक्षा जास्त,
त्याचा हिशोब तिथेच संपतो.
मी "उद्या सांगते" म्हणून निघाले,
आणि कोपरखैरण्यापर्यंत रिक्षात
दोन्ही कागद घामाने मऊ केले.

आई ब्लाऊज उसवत होती.
समोरच्या बिल्डिंगमधल्या वृषालीचा, दहावीच्या सेंडॉफचा.
आता तिचा साखरपुडा ठरलाय
आणि तिला तोच हवाय.
ब्लेडने एकेक टाका उचलत
आईने माझं सगळं ऐकून घेतलं,
कोअर, सॉकेट, वॅट, वॉरंटी,
ऐकलं म्हणजे हं हं केलं.
मग शिवण फाकवून दाखवली.
आत दुमडलेलं कापड, दोन्ही बगलांना इंच इंच,
बाहेरच्यापेक्षा गडद, ऊन न लागलेलं.

"तुझ्या कुठल्या कागदात माया सोडलीय?"

मी दुसरा पुढे केला.

रविवारी इस्त्रीच्या टेबलावर सुती चादर.
जॉर्जेटचे गठ्ठे तिने आधीच दुसऱ्या खोलीत नेले,
ते चरचरतात, म्हणाली, मी सांगायच्या आत.
प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण
मला चष्म्यातूनही सापडेना,
तिला सापडला.
बळ नाही लावायचं गं, नुसतं ठेवायचं.
पण खटका दाबताना जो करकर आवाज आला
त्याने तिघांचाही श्वास अडकला,
निनाद तर चक्क देवाचं नाव घेऊन मोकळा झाला.

मग बटण. पंखा फिरला, पडदा काळा.
एक मिनिट. तीन मिनिटं.
पहिल्यांदा वेळ घेतो, मेमरी ओळखून घेतो,
हे मला माहीत होतं, वाचलं होतं,
तरी मी मनात भानुशालीची माफी मागू लागले.
आई तेवढ्यात वृषालीच्या बाहीला टीप मारून आली.

पाचव्या मिनिटाला अक्षरं उमटली, पांढरी, बारीक.

निनाद म्हणतो, दोन स्लॉट रिकामेच आहेत की.
असू देत.
सॉकेटवरून उडालेलं काळं प्लॅस्टिकचं झाकण,
वॉरंटीला लागतं म्हणून जपायचं असतं,
ते आईने हुकांच्या डब्यात टाकलंय,
जुन्या प्रेसबटणांच्या खाली.