पायरी तेवीस

फणसेकाकांच्या वहीत एक्केचाळीस पायऱ्या आहेत.
निळी शाई, मधेच हिरवी,
एका पानावर शेवउसळीचा तेलकट अंगठा.
नवीन मशीन उभं करायचं म्हणजे
वही मांडीवर घ्यायची,
एकेक ओळ टंकायची, समोर बरोबरची खूण करायची,
आणि दुपारी अडीचला कळायचं
की नववी पायरी राहून गेली.

मशीन तरी कसलं.
एका लोखंडी पेटीच्या पोटात
मानलेल्या बारा पेट्या.
मानलेली डिस्क, मानलेलं नेटवर्क कार्ड,
आतून विचारलंत तर शपथेवर सांगतील, आम्ही खऱ्या.
काका त्यांची नावं ठेवायचे:
लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट.
बडोद्याचे दरवाजे संपले तेव्हा तलावांवर आले,
सुरसागर, गोत्री, छाणी.
"पाणीगेट रुसलंय आज," म्हणायचे.
आम्ही समजायचो, टेस्टिंग उद्या.

ते निवृत्त झाले, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात
मी वहीची स्क्रिप्ट करायला घेतली.
पायरी वाचायची, आज्ञा लिहायची, चालवायची.
उभं राहिलं तर पुढची.
नाही तर पुसा, पहिल्यापासून.
रात्री गोरव्याच्या त्या ऑफिसात
एसीचा आवाज, मी, आणि काकांचं अक्षर,
ज्यातला 'र' आणि 'स' ओळखायला
मला बावीस पायऱ्या लागल्या.

तेविसावीवर फक्त एवढंच:
"इथे थांबणे. लारीवर जाऊन येणे."

लारी जशुभाईची, फाटकाबाहेर.
आलं जास्त, साखर त्याहून जास्त.
स्क्रिप्टला चहा कसा पाजणार?
ती ओळ मी गाळली.

बारा मशीनं सोडली. नऊ उठली.
पुसली. पुन्हा बारा. दहा.
पुन्हा.
आठ.
न उठणारी दरवेळी वेगळी,
जणू आपसात पाळी लावून घेतल्यासारखी.

शेवटी वाडीत फोन केला.
"काका, तेवीसला का थांबायचं?"
पलीकडे कुकरची शिट्टी.
"दमायचं गं ते," म्हणाले. मग हसले.
"डेटाबेस दमायचा, का मीच. आता नाही आठवत."
आणि जरा थांबून,
"पाणीगेट कसं आहे?"

काय सांगू.
पाणीगेट आता दिवसातून चाळीसदा जन्मतं.
कुणी कोड टाकला की उठतं,
सहा मिनिटं जगतं, परीक्षा देतं,
पास झालं तरी पुसतात,
नापास झालं तरी.
रुसायला त्याला वेळच मिळत नाही.
नाव नाही, आकडा आहे,
तोही सकाळी दुसऱ्याचा होता.

"बरंय," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून मी जिना उतरले.
लारी, अर्धा कप, जशुभाईंच्या मुलीचं लग्न, परत.
सात मिनिटं.
स्क्रिप्टमध्ये तेवढी लागलीच नाहीत.
नव्वद सेकंद थांबवलं, बाराच्या बारा उठली.
उरलेली साडेपाच मिनिटं
काकांची स्वतःची होती.

यंदा ऋत्विज आला. त्याचं पहिलंच काम.
म्हणाला, ही ओळ अडाणी आहे, मॅडम,
नुसतं थांबायचं नसतं, विचारत राहायचं,
उठलास का, उठलास का, दर सेकंदाला,
उठला की पुढं.
खरं होतं त्याचं. बदललं.
आता चौदा सेकंद लागतात.
कधी अकरा.

आज्ञा गेली. वरचा शेरा मी काढला नाही,
काकांच्याच शब्दांत आहे,
यंत्र तेवढी ओळ न वाचता ओलांडतं.
ऋत्विज वाचतो.
चारच्या सुमारास खुर्ची मागं ढकलून म्हणतो,
"तेवीस?"

उतरतो आम्ही.
वर तेवढ्यात कुणी उठतं, कुणी पुसलं जातं.
जशुभाई विचारतात, फणसेसाहेब दिसत नाहीत हल्ली,
आणि न सांगता
तिसरा कप भरायला घेतात.