चरबीचा मंगळवार

कायतान आल्मेदा दुपारी साडेतीनला आला.
खानावळीची फळी अर्धी ओढलेली, मी पैसे मोजत होते.
कॅलेंडराचं जानेवारीचं पान फाडून त्याने पालथं केलं
आणि पाठीवर लिहिलं: इंत्रुज. पाहुणे साठ.
चौदा वर्षं तो तेलाच्या जहाजांवर आचारी होता,
लुइझियानाच्या दलदली किनाऱ्याला.
तिथलं जेवण एकदा वेंगुर्ल्याला घालायचंय म्हणाला,
गुडघे चालतायत तोवर.

पहिलं, गंबो.
‘तां काय आणि?’
‘भेंडी गे. भेंडयेचाच नाव तां, आफ्रिकेतला.
गुलामांवांगडा बोटीतसून गेला.’
कोपऱ्यातल्या टोपलीकडे मी
पहिल्यांदाच जरा आदराने पाहिलं.

मग पीठ. तेलात भाजायचं,
बदामी नाही, तांबूस नाही,
ओल्या जांभ्याच्या चिऱ्याचा रंग येईस्तोवर.
पाऊण तास. हात थांबला की करपलं,
करपलं की सगळं ओतून पहिल्यापासून.
मी म्हटलं, दर दिवाळीला
चाळीस किलो बेसन भाजते, खांद्याची काळजी करू नकोस.

कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी.
या तिघांना तिथे पवित्र त्रैक्य म्हणतात,
हे सांगताना त्याने हळूच क्रूस काढला.
सेलरी म्हापशाला मिळाली होती,
पिवळी जुडी, दीडशे रुपये, तो तशीच परत आला.
मी परसातून ओव्याची पानं आणली, मुळ्याचे देठ आणले,
एकत्र चुरडून त्याच्या नाकाशी धरले.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
‘लागी आसा,’ म्हणाला. ‘पण तां न्हय.’

जांबालायाला चोरीस. मग टोप दोन,
एक आमच्या वाडीतल्यांसाठी, कोलंबीचा,
आणि डाव वेगळे, मी बजावलं.
उकडलेल्या कुर्ल्या बटाट्या-मक्यासकट
टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओतायच्या.
वर्तमानपत्रावर? माझ्या खानावळीत?
केळीची पानं, मी लिहिलं, चाळीस, आणि खाली रेघ मारली.
अमावास्या सोमवारी आहे, कुर्ल्या भरलेल्या मिळतील.
शिमग्याला अजून पंधरा दिवस,
तोवर हा दुसऱ्यांचा शिमगा.

मीठमसाल्याचं माप त्याच्या वहीत असं:
तिखट, आंत्वानची अर्धी मूठ.
मीठ, आंत्वानची एक.
ज्याने त्याला शिकवलं तो म्हातारा. चार वर्षं फोन लागत नाही.
‘मूठ केवढी?’
कायतानने आपला पंजा माझ्या पंजाशेजारी ठेवला,
मग दोन्हींच्या वर, हवेत,
तिसरा एक हात काढून दाखवला.

आणि वार?
मंगळवार. त्या सणाचं नावच चरबीचा मंगळवार,
बुधवारी कपाळाला राख, पुढे चाळीस दिवस उपास.
‘माझो मंगळवार आसता रे,’ मी म्हटलं,
‘तेवीस वर्षां. मासो नाय, मटण नाय.’
त्याने पेन्सिल खाली ठेवली.
बाहेर बर्फाच्या गाडीवाला भोंगा वाजवत गेला.

रविवारी घे म्हणाले असते, नाही म्हटलं.
शिजवीन. चाखणार नाही.
मीठ तू बघ, मी वासावर चालेन:
न पाहिलेल्या माणसाच्या मुठीने,
न खाल्लेलं जेवण, साठ जणांचं.
खाली त्याने घाईघाईत केक लिहिला,
आत एक काजूची बी लपवायची,
जिच्या तुकड्यात येईल तिच्या दारी पुढचा इंत्रुज.
‘केकात अंडी?’ मी विचारलं.
‘आठ.’
‘मग माका तुकडो ठेव. बुधवारी खाईन.’

तो गेल्यावर परत ओव्याचं पान चुरडलं,
जवळ आहे म्हणाला, ते नेमकं कशाच्या, ते बघायला.
बोटांना संध्याकाळपर्यंत वास येत होता.