गोरेवाड्याचा काठ

नागपूरला समुद्र नाही.
हे पंचफुलाला सांगायची गरज नव्हती,
तरी सांगितलं, काटोल नाक्यावर ऑटोतून उतरताना.
ती सुट्टे मोजत म्हणाली,
"माहीत आहे वं मले.
पाणी आहे, काठ आहे. बाकी आपलं आपण पाहू."

फेब्रुवारी सरत आलेला.
धुकं इतकं की तलाव आहे हे
फक्त टिटवीच्या ओरडण्यावरून कळावं.
तिच्या अंगात नाइट ड्यूटीचं निळं स्वेटर,
माझ्या पिशवीत दोन छत्र्या, सहा संत्री,
मिठाची पुडी, आणि पोंगे,
जे तिने नाक्यावरच फोडले.

रत्नागिरीची तिकिटं आम्ही तीनदा काढली.
एकदा तिच्या सासऱ्याला लकवा.
एकदा माझी बदली, गोंदियाला.
तिसऱ्यांदा काहीच आडवं आलं नाही
आणि नेमकं तेव्हा आमचं बोलणं बंद होतं.
कशावरून, ते तिला आठवतं. मला नाही.
म्हणजे मला आठवतं,
पण नाही असं तिला सांगून ठेवलंय.

काठाकाठाने निघालो.
जिथून पाणी मागे सरलं तिथली माती
भाजलेल्या पापडासारखी, पायाखाली मोडणारी.
गुरं उतरतात तिथे खुरांचे खड्डे,
प्रत्येकात वाटीभर पाणी.
नऊला ऊन आलं, तेही अंगावर धावून.
स्वेटर कमरेला. पलीकडे पळस पेटलेला,
त्याच्याकडे दोघींनीही पाहिलं आणि
दोघींनीही गुडघ्यांविषयीच बोललो.

एक ढीवर काका ट्रकच्या ट्यूबवर बसून
जाळं ओढत होते.
फुला ओरडली, "काय लागलं जी?"
"चार झिंगे अन् एक चप्पल."
"डावी का उजवी?"
काकांनी नीट पाहिलं. "डावी."
तिने मान हलवली,
जणू आम्ही उजवीसाठीच आलो होतो.

मग तिला शिंपला सापडला, नखाएवढा.
कानाला लावून उभी राहिली, डोळे मिटून.
मी विचारलं, "काय ऐकू येतंय?"
"रिंगरोडचे ट्रक."

अकराच्या सुमारास कळमेश्वरकडून वारा सुटला.
सागाची वाळली पानं, ताटांएवढी,
खडखडत आमच्या पुढे पळाली.
आभाळ जांभळं, मग हिरवट, मग काहीच रंग नसलेलं.
माझी छत्री उलटली.
आणि गारा. आधी एक, बोराएवढी, तिच्या चपलेपाशी.
ती वाकून बघतेय तोवर बाकीच्या.

वनखात्याचं एक टिनाचं शेड होतं,
बाकड्यावर कुणीतरी कुणाचं तरी नाव कोरलेलं.
टिनावर इतका आवाज
की माझा श्वास मला ऐकू येईना.
तेव्हा ती बोलली.
लांब वाक्य होतं. ओठ हलताना मी पाहिले,
मध्ये एकदा थांबली, पाण्याकडे बघितलं,
परत सुरू झाली, आणि संपवलं.

गारा थांबल्यावर मी म्हटलं, "काय म्हणालीस?"
"म्हटलं, संत्री सोल."

सोलली. तिने काटोलला भावाला फोन लावला:
"तिकडे पडल्या का? आंबियाचा बहार आहे का गेला?"
तिकडे नुसतं ऊन होतं.
ती हसली आणि मिठाला बोट लावलं.

खाली बांधाच्या दगडांवर
वाऱ्याने ढकललेल्या लाटा, वीतभर,
पण एकामागून एक, न चुकता.
ती सलवार वर धरून घोट्यापर्यंत उतरली.
ओंजळ तोंडाशी नेली,
थुंकली. "गोडं."
"शहराला पिण्यासाठी आहे ते," मी म्हटलं.
"मंग थुंकायला नको होतं," ती म्हणाली,
आणि आम्ही दोघी, साठीला आलेल्या,
इतक्या हसलो की काकांनी ट्यूबवरून वळून पाहिलं.

परतताना पुन्हा ऊन.
ऑटोवाला ओल्या कपड्यांकडे बघून निघून गेला.
मोडकी छत्री तिने काठीसारखी धरली.
ते वाक्य मी वाटेत दोनदा विचारणार होते.
एकदा मध्ये बकऱ्या आल्या.
एकदा ती म्हणाली,
"पुढच्या रविवारी अंबाझरी. तिकडे पाणी मोठं आहे म्हणते."