पहाऱ्याची बदली

दर बुधवारी रात्री सव्वाआठला
धुळ्यातून नेरला फोन लागतो.
मध्ये पांझरा, सुरतेकडे जाणारा रस्ता
आणि एक टॉवर, जो वीज गेली की मान टाकतो.

माझ्यासमोर छापील कागद असतो:
गोळी घेतली का. किती दिवस चुकली.
झोप किती. दारू.
स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं का.
पाचवा प्रश्न विचारताना मी पेन खाली ठेवते.
तसं करा, असं कागदावर लिहिलेलं नाही.

नायक रतिलाल बोरसे, निवृत्त.
फोन उचलला की आधी नंबर सांगायचे, मग नाव,
मग "आवाज येतोय, बोला."
"गोळी?"
"घेतली."

सुरुवातीला मी मुकाट "हो"वर खूण करायचे.
मग हळूहळू मागचं ऐकू यायला लागलं.
घेतली असली की मागे टीव्ही असतो,
सुनंदाबाई भाकरी थापत कुणावर तरी ओरडत असतात.
नसली की नुसता वारा.
म्हणजे माणूस धाब्यावर चढून
ट्रकांचे दिवे मोजत बसलाय.
आणि "घेतली"च्या आधी अर्धा सेकंद.
तो कुठल्याच रकान्यात बसत नाही.

लग्नसराईत एका बुधवारी
फोन वाजत राहिला. पुढच्याही.
तिसऱ्यांदा बाईंनी उचलला:
"ताई, गल्लीमा वरात उनी व्हती, फटाका फुटनात.
हाऊ मानूस आख्खी रात कांदाचाळमा बठेल व्हता.
गोया बठ्ठ्या पाकिटमाच शेतीस."

त्यांना द्या, म्हटलं.

बराच वेळ काही नाही. कुठेतरी पाल चुकचुकली.
मग ते बोलले, हळू,
अंधारात शेजारच्या खंदकाशी बोलावं तसं:
"ताई, गोयी खादी का झोप लागस.
मी जपी गऊ ते पहारा कोन दी?"

आम्हाला शिकवलेलं यावर उत्तर होतं.
खोल श्वास, समोर दिसणाऱ्या पाच वस्तू.
पान अकरा. मी ते उघडलंही होतं,
आणि तोंडातून गेलं:
"दहानंतर माझी ड्युटी. तुम्ही रिलीव्ह."

पलीकडे काहीतरी हललं.
"पासवर्ड?"

मला काय माहीत. समोर डबा उघडा होता.
"बिबडी," मी म्हणाले.

ते हसले, असं मी म्हणणार नाही.
पण चंदेरी कागद फाटला,
फोनमध्ये तो केवढा मोठा वाजतो,
आणि मग पाण्याचा घोट.

त्या रात्री मी अकराला झोपले.
खरं तेच सांगते, पहाटे नळाला पाणी येणार होतं.
तीनला जाग आली.
देवपूरची कुत्री, कुणाचा तरी घरघरणारा कूलर.
खिडकीशी दोन मिनिटं उभी राहिले,
कशावर पहारा द्यायचा ते कळेना.
लाज वाटली. पुन्हा आडवी झाले.

सुपरवायझर म्हणाले, असं वचन देऊ नये.
बरोबर आहे. मीही दुसऱ्या कुणाला
हेच सांगितलं असतं.

पुढचा बुधवार. सव्वाआठ.
मागे टीव्ही. भाकरीची थाप.
"गोळी?"
"सहा दिवस घेतली. सोमवारी चुकली."
इतक्या महिन्यांत चुकली हा शब्द
त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आला.
मी पुढच्या ओळीकडे वळणार, तोच:
"ताई, त्या राते तू जागी व्हती ना?"

मी अर्धा सेकंद घेतला.
"होते."

त्यांनी तो ऐकला असणार.
काडी मोडली तर दोनशे पावलांवरून
ज्याला कळायचं, त्याला हा कळणार नाही?
पण ते म्हणाले, "बरं शे."
त्यांच्यापुढे कागद असता
तर माझ्या नावासमोर
त्यांनीही मुकाट "हो"वर खूण केली असती.

झोप चार तास. दारू नाही.
मग मी पेन खाली ठेवलं.
पाचवा प्रश्न बाकी होता.