नग सतरा

चाळीसगाव मागे पडलं की सातमाळ्याच्या अंगात
एक खिंड शिरते. सांगडखिंड.
गाडीरस्त्याने तिला केव्हाच टाकलं.
आता तिथून ठेलाऱ्यांच्या मेंढ्या जातात,
आणि त्या साली माघात आम्ही गेलो:
मी, मोजणीची वही, चुन्याची पिशवी,
फितीचं दुसरं टोक धरायला उखर्डू अहिरे.

वाटेच्या डाव्या अंगाला उभे दगड.
कुणी पुरुषभर, कुणी कमरेइतका,
छिन्नी न लागलेले, ना शेंदूर ना अक्षर.
वीरगळ म्हणावं तर घोडा नाही,
सती म्हणावी तर हात नाही, बांगडी नाही.
वहीत रकाना होता: अडथळ्याचा प्रकार.
मी लिहिलं, दगड. नग सतरा.

सतरावा आडवा होता.
बुडाशी खळगा, सायाळीने उकरलेला असावा.
उखर्डू गुडघ्यांवर बसला,
खांद्यापर्यंत हात आत घातला
आणि एकेक काढत गेला
गोटे.
लिंबाएवढे, अंड्याएवढे, गुळगुळीत,
थोरला डुगडुगू नये म्हणून चहूकडून ठासलेले.
या डोंगराला असला गोटा येत नाही.
डोंगर काळा, धारेचा, बोटं कापणारा.

"हाऊ ते तितूरना शे," तो म्हणाला.
"आठे कसा उना?"

तितूर खाली. तीन कोस, दोन चढ.
मी वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं:
एका खळग्यात चाळीस, गुणिले सतरा,
ओंजळीत किती मावतात,
पोराच्या मुठीत किती.
थोरला दगड दहा जणांनी ओढला असेल, आरोळ्या देत.
यांना आरोळी लागली नसेल.
कुणी येताजाता आणले असतील,
पाण्याला गेलं की दोन.
हिशेब मी अर्धाच सोडला.

उखर्डूने एक गोटा कुडत्याला पुसून तोंडात टाकला.
बकऱ्यांमागे असताना तहान अशी मारायची, म्हणे.
त्याच्या आधीची तिघं राहिली नाहीत,
म्हणून आईने त्याला उकिरड्यावर टाकून
परक्या बाईकडून उचलून घेतलं होतं.
तिथूनच नाव.
हे त्याने गोटा गालात ठेवूनच सांगितलं,
अर्धं मला कळलं नाही.

मग त्याने सगळे परत घातले,
रुळवून, चेपून,
जणू वर काही उभंच आहे.
तोंडातला शेवटी. ओला.

रस्ता अजून मंजूर नाही.
वही कचेरीत असेल, नाहीतर वाळवीत.
चुन्याचे आकडे मेंढ्यांनी अंग घासून पुसले,
असं परवा एका ठेलाऱ्याने सांगितलं.
एक ते सोळा.
सतराव्यावर मी आकडा घातलाच नव्हता.