तिसऱ्या गाण्यातला तडा

डुलुथमध्ये जानेवारीत गाडी बंद करत नाही कुणी.
शेवटचा खेळ सुटला की आम्ही पाचजण
लेम्पीच्या जुन्या व्हॅनमध्ये कोंबून बसतो,
इंजिन घुरघुरत ठेवून, हीटर पायांवर,
आणि भांडतो.

विषय एकच, गेले तीन आठवडे :
टेलिफोन एक्सचेंजमधल्या बायकांचा तो गाण्यांचा सिनेमा,
आणि त्यातलं तिसरं गाणं,
जिथं नायिका वायर खोचता खोचता वरच्या सुरावर जाते
आणि सूर फुटतो.
फुटतो म्हणजे अगदी फुटतो,
गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतावं तसा.

ऑर्विल म्हणतो, ही गाणारीच नव्हे.
चाळीस वर्षं चर्चमधले पियानो जुळवलेत त्यानं,
त्याच्या कानाला सूतभर इकडचं तिकडे खपत नाही.
"पाव सूर उतरली. मोजून सांगतो, पाव.
पैसा होता ना? दुसरीचा गळा लावायचा."

मायसी उसळते : "सेटवर गायलीय ती, उभ्यानं, एका दमात!
नवरा तिकडं मरतोय आणि लाईन हिनंच जोडायचीय.
तुझा पियानो राहिला असता सुरात?"
"पियानोला नवरा नसतो," ऑर्विल.
व्हॅन हसते. काचा आणखी धुरकटतात.

डेझमंड फोनवरून परीक्षणं वाचतो,
मृत्युपत्र वाचावं तशा आवाजात.
शिकागोच्या पेपरचे दोनच तारे :
नाच फक्कड, गळे उसने.
मिनियापोलिसच्या बाईंनी चार दिलेत,
पण मागं त्या पेंग्विनांच्या सिनेमालाही चारच दिले होते,
म्हणून ती साक्ष आम्ही बाद धरतो.
नामांकनावर पैजा लागतात. माझे वीस डॉलर नायिकेवर.
(मी पॉपकॉर्न विकतो. माझ्या कानाला कुणी विचारत नाही.)

लेम्पी तिकिटं फाडते. वय अठ्ठ्याहत्तर.
सिनेमा तिनं दाराशी उभं राहून एकेचाळीस वेळा ऐकलाय.
परवा एकदम म्हणाली, आरशाकडं बघत :
"मी होते त्या बोर्डावर. सासष्ट साली.
वादळाच्या रात्री बंदरातून फोन यायचे,
बायका जहाजांची नावं विचारायच्या.
मागं सुपरवायझर उभी. आवाज फुटला तर दिवसाचा पगार गेला.
आमचा नाही फुटला कधी."
जरा थांबली.
"खोटं आहे ते गाणं. पण पाव सुरानं नाही."

कुणाची बाजू घेतली तिनं, कळेना.
ऑर्विलनं हातमोजा काढला, परत घातला.

मंगळवारी सकाळी साडेसातला नामांकनं आली.
लॉबीत, बर्फाच्या बुटांचं पाणी फरशीवर,
डेझमंड यादी वाचत गेला, वाचत गेला, आणि संपली.
वेशभूषा. ध्वनी. बस्स.
मायसीनं पोस्टरवरच्या नायिकेकडं पाठ फिरवली,
जणू चूक त्या बाईचीच.
"ध्वनीचं म्हणजे माईकचं," ऑर्विल म्हणाला,
"बिचाऱ्यानं तडा जसाच्या तसा टिपला."
कुणी हसलं नाही. माझे वीस डॉलर गेले.

गुरुवारी शेवटचा खेळ. प्रेक्षक सातजण, त्यात आम्ही चार.
तिसरं गाणं आलं तसा ऑर्विलनं खिशातून
जुळवणीचा लोखंडी काटा काढला,
गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला.
अंधारात तो तसाच बसून राहिला,
गाणं संपून चौथं सुरू झालं तरी.

व्हॅनमध्ये बराच वेळ हीटरच बोलत होता.
मग तो म्हणाला, "पाव नाही.
पावाहून कमी."
"किती कमी?" मायसी.
"कमी."
एवढंच. पण ती अशी टेकून बसली मागं,
जसं बक्षीस हिलाच मिळालं.

वाद संपला असं नाही. डेझमंडला शेवट पटलेला नाही,
आणि पुढच्या शुक्रवारी पेंग्विन परत येतायत.
लेम्पीनं काच बाहीनं पुसली, गिअर टाकला,
आणि कुणालाच उद्देशून नाही असं,
सपाट, एकाही सुरात नसलेल्या आवाजात म्हणाली :
"लाईन जोडतेय. थांबा."