हिरडीचा रंग

नवतपाचा चौथा दिवस. तांडापेठेत
कूलरची टाकी ठिबकते त्या ओल्या फरशीवर
डबल्या पसरलेला,
आणि मी मशीनवर, एका लग्नाच्या तेवीस ब्लाउजांपैकी
सोळाव्याच्या बाहीशी.

पोळीचा तुकडा नाकापाशी धरला.
हुंगला त्यानं, मान वळवली.
"ऊन हाय बाई, माणसं जेवून नाही राहिले,
कुत्रं काय जेवन," निखारेकाकू म्हणाल्या.
खरंच वाटलं. सेहेचाळीस डिग्रीत
कुठलंही कारण खरं वाटतं.
काकूंनी ताक सुचवलं, पानठेल्यावरून कुणी हळद.
मनोहरनं खिशातून तापाच्या गोळ्यांची पट्टी काढली,
"अर्धी देऊन टाक ना वं."

अर्धी.

चाकावर हात ठेवून मी मशीन थांबवलं.

मारबत निघाली होती त्या दिवशी.
मांजर कोमट विटेसारखी तापलेली, कोपऱ्यात,
आणि मी शहाणी, दुधात कुस्करून अर्धी गोळी.
बाहेर रस्ता ओरडत होता
खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा गे मारबत.
संध्याकाळी तिचं तोंड सुजलं.
ओठ उचलला तर हिरडी
कात लावलेल्या पानासारखी, तपकिरी.
माणसाला उतार देणारी गोळी
मांजराचं रक्त नासवते
हे मला डॉक्टरनं सांगितलं, रागावली नाही ती.
रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी ओठ उचलते.
रंग मला कळतात, तेवढंच कळतं म्हणा;
दोनशे रिळं आहेत पेटीत.
डबल्याची हिरडी एरवी राणीच्या अलीकडचा गुलाबी,
आज धुऊन धुऊन विटलेलं अस्तर.
बोट दाबलं, सोडलं. एक, दोन,
तीन... रंग परत यायला
रेल्वे फाटकावर थांबल्यासारखा वेळ.
कानाच्या घडीत, पंजाच्या बोटांमध्ये
एरंडाच्या बिया. बिया नव्हत्या.
गोचीड. फुगून करड्या झालेल्या.

ब्लाउज राहू दे.
ओला टॉवेल, ई-रिक्षा, भर दुपार.
पोरगा म्हणाला कुत्र्याचे वेगळे वीस लागतील.

डॉ. सुकेशिनी रामटेके थर्मामीटर झटकत म्हणाली,
एकशे चार पूर्णांक दोन. उन्हाचा नाही हा.
रक्त काढलं. गोळ्या अठ्ठावीस दिवस,
उपाशीपोटी नाही,
आणि आठव्या दिवशी नाचायला लागला तरी बंद नाही.
भिंतीच्या भेगाही बघा, ती म्हणाली,
अर्धा आजार कुत्र्यावर असतो, अर्धा घरात.
मी रविवारी अंगणाची भिंत
जुन्या करवतीनं खरवडली, सिमेंट भरलं,
आणि मला माझ्याच घराची जरा लाज वाटली.

बाराव्या रात्री मनोहर दारात,
कडेवर बोका, लाजल्यासारखा.
"मातीत बसते, उठते, पुन्हा बसते.
कुंथून राहिलाय सकाळपासून. बद्धकोष्ठ असन.
एरंडेल पाजू?"
पोटाला हात लावला, हळू:
आत कच्च्या संत्र्याएवढं, टणक.
ओला एक थेंब नाही मातीत?
नाही.
"शी नाही रे, लघवी अडलीय. आत्ता जा."
"सकाळी गेलं तर?"
"सकाळी बोका नसल."
एवढं कडक मी कधी कुणाशी बोलले नाही,
नवऱ्याशीसुद्धा.

नळी घालून सुटला म्हणे. आता फक्त ओलं खातो,
मनोहरला परवडत नाही, शिव्या घालत देतो.
ब्लाउजांची पार्टी भांडून गेली,
दोन बाह्या उलट्या लागल्या होत्या.

डबल्या आता पोळी खातो, वर माझीही मागतो.
तरी मी रोज दिवा लावायच्या वेळी
त्याचा ओठ उचलते. तो तोंड फिरवतो, वैतागतो.
पेटीत कातरंगाचं एक रीळ आहे.
अजून कुठल्याच कापडाला जुळलेलं नाही,
किंवा मी जुळवून पाहिलेलं नाही.